कणसाचा विळा

सगळ्या मळ्यात एकट्याचंच शेत उभं राहिलं की काय होतं, ते विनोदिनीला विचारावं. मळा भरलेला असायचा तेव्हाही कीर यायचे, मोर यायचे, रानडुकरं यायची. पण ती प्रत्येकाच्या शेतात थोडं थोडं खाऊन जायची. नुकसान वाटून घेतलं जायचं, शिव्याही वाटून दिल्या जायच्या. आता आजूबाजूला पुरुषभर रान माजलं होतं आणि विमानतळ झालेल्या मोपच्या सड्यावरून, त्या उघड्या पठारावरून, खाली उतरलेली सगळी पाखरं विनोदिनीच्या भातावर तुटून पडत होती. शिव्या द्यायला ती एकटी होती. पण त्या कामाला ती एकटी पुरेशी होती.

"मेल्यांनो, तुमच्या बापाशीन नांगरल्यान काय रे हय?" असं ती डबा बडवत ओरडायला लागली की वरच्या रस्त्याने जाणारा पाववाला पोदेर उंड्यांची सायकल थांबवून खाली बघायचा आणि हसत पुढे जायचा.

भात मात्र देखणं आलं होतं. पावसाच्या तोंडावर पेरलेलं हळवं भात गणेशचवथीच्या सुमाराला पिवळं पडायला लागतं, तसं ते पडत चाललं होतं. डुकरं बुजावीत म्हणून विनोदिनीने घरातल्या जुन्या साड्या मेरांवर, शेताच्या बांधांवर, खुंट ठोकून बांधल्या होत्या. वारा आला की लाल, हिरव्या, जांभळ्या साड्या फडफडायच्या आणि त्या मधोमध तिचे कुणगे, म्हणजे भाताचे चौकोन, एकमेकांना लागून, पाणी काढून ठेवलेले, कणसांनी वाकलेले असे दिसायचे. पाहणाऱ्याला हेवा वाटावा. पाहणारंच कोणी नव्हतं.

वाड्यावरची, गावच्या ह्या वस्तीतली, निम्मी घरं बंद होती. कोणी पणजीला, कोणी वास्कोला, कोणी पार पुण्याला. लोकांनी आधी शेतं पडीक टाकली आणि मग पडीकच आहेत म्हणून विकायला काढली. मळ्याचा वरचा भाग दिल्लीकडच्या एका कंपनीने घेतला. शेताला लागून असलेलं एक बंद घरही घेतलं. भोवती पत्रे ठोकले, लोखंडी गेट बसवलं आणि बोर्डावर निळ्या पाण्याच्या तळ्यात पोहणाऱ्या बाईचं चित्र लावलं. शेतात उतरायची गाडीवाट नेमकी त्या गेटाच्या आत गेली. मळ्याचा खालचा भाग अजून विकला गेला नव्हता. तो नुसताच रान वाढवत बसला होता.

कापणीच्या मशीनवाल्याला विनोदिनीने फोन लावला तेव्हा तो म्हणाला, "वयनी, मशीन येयत गो, पण वाट खंय आसा? मोपार विमानात घालून तुमच्या शेतात उतरवू काय?"

"तुझ्या तोंडात साखर पडो," असं म्हणून तिने फोन ठेवला. म्हणाली तसं, पण साखर तिच्या मनात नव्हती.

सोप्यावर कृष्णनाथ, तिचा नवरा, प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून बसला होता. श्रावणात मेरेवरून घसरून त्याच्या घोट्याचं हाड मोडलं होतं. उभ्या आयुष्यात तो इतका बसला नव्हता. बसून बसून त्याचं तोंड आंबट झालं होतं.

"मशीन येऊचां नाय," तो म्हणाला. "मी उभो रवाक शकत नाय. मजुरीक माणूस गावत नाय. तू एकटी कापतलंस?"

"कापतलंय."

"आणि पाऊस रवतलो तुझ्यासाठी?"

विनोदिनीने आभाळाकडे पाहिलं. पंधरवडा ऊन नि पंधरवडा पाऊस अशी ह्या दिवसांची तऱ्हा. पिकलेलं भात एकदा आडवं झालं की त्याला पडल्या जागी मोड फुटतात.

"आयक मगे," कृष्णनाथ म्हणाला. "ह्या वर्साचां भात घरात इलां तर शेत आमचां. नाय इलां, तर चवथ सरल्यार सगुणाक सांगतंय, हाड तुझो विक्रीचो कागद. सय करून मोकळो होतंय. पुढच्या वर्सा तुका पाखरांच्या पाठी धावताना बघूचां नाय माका."

कृष्णनाथ कमी बोलणारा माणूस. अशा माणसाचा शब्द उलटत नाही, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. तिने चुलीकडे जाऊन भात वैरला, कारण त्याशिवाय दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

सगुण दुसऱ्याच दिवशी आला. सगुण हा कृष्णनाथाचा चुलतभाऊ. कंपनीसाठी जमिनी घेऊन देणारा मधला माणूस आणि रवळनाथाच्या देवस्थान कमिटीतला पुढचा माणूस. पांढरा शर्ट, हातात गरम उंड्यांची पिशवी. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढा शिष्टाचार त्याच्याकडे होता आणि तो त्याच्या धंद्यालाही बरा पडायचा.

"दादा, पाय कसो?" म्हणत तो बसला. मग जरा घसा साफ करून म्हणाला, "औंदा नव्याची कणसां म्हापशाच्या बाजारातसून हाडूया म्हणतंय. कमिटीचां तसांच मत. तुका असल्या हालात त्रास कित्याक?"

कृष्णनाथाच्या मानेची शीर ताठ झाली. चवथीच्या दुसऱ्या दिवशी, पंचमीला, नव्या भाताची कणसं रवळनाथाला वाहायची आणि मग वाड्यावरच्या प्रत्येक दाराला बांधायची, हे नवं. आणि ती कणसं ह्याच घराच्या पहिल्या कुणग्यातली. त्याला नावच देवाचा कुणगा. ह्या घराकडे दुसरा कसला मान नव्हता, पैका तर नव्हताच. एवढी एक गोष्ट होती.

तो काही बोलायच्या आत विनोदिनी ओल्या हातांनीच बाहेर आली. "बाजारातली कणसां बाजारातल्या देवाक घाल. आमच्या रवळनाथाक आमच्या मळ्याची कणसां लागतत."

"वयनी, मळो खंय रवलो आता? एक शेत रवलां."

"एका शेतात कणसां मावतत."

सगुण हसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळ्या गोष्टी सोप्या करून टाकायची सवय लागली होती. उठता उठता म्हणाला, "कणसां देतलंस गो. पण मागचां भात कापतलां कोण?"

हा शब्द कुसळासारखा विनोदिनीच्या मनात रुतला. दिवसभर ती डबा बडवत फिरली आणि तोच शब्द चघळत राहिली. संध्याकाळी मुलगी गौरवी मोपच्या विमानतळावरची ड्युटी संपवून आली, तेव्हा आई मेरेवर बसून एकटीच हसत होती.

"आई, कितें झालां?"

"कणसाचो विळो," विनोदिनी म्हणाली. "तुझो आजो सांगायचो. ज्या घराच्या दाराक देवाच्या कुणग्याचां कणीस बांधलां, त्या घरान ह्या शेतात एक विळो धाडूचो. पाचव्या दिसा गणपती पोचवले की सव्या दिसा कापणी. कित्याक? तर त्या दिसांनी वाडो भरलेलो असता. कोण घरात नाय, अशी सबबच नाय."

"आणि मगे बंद कसां पडलां?"

"मशीन इलां. लोकांनी कणसां घेतल्यानी, विळो विसरले."

घरी कृष्णनाथाला हे पटलं नाही. "लोकांच्या दारात जावन भीक मागतलंस?"

"भीक कसली? येणां आसा आमचां," विनोदिनी म्हणाली. तिचा आवाज असा होता की कृष्णनाथाने पुढे वाद घातला नाही. पण दिलेला शब्दही मागे घेतला नाही.

चवथीला बंद घरांची दारं करकरत उघडली. खिडक्या उघडल्या, जळमटं काढली, गाड्या अंगणात लागल्या. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांच्या माटोळ्या बांधल्या गेल्या. वर्षभर मुकी असलेली घरं आरत्या म्हणू लागली. काही घरं मात्र उघडलीच नाहीत. त्यांचे गणपती आता फ्लॅटमध्ये बसत होते.

पंचमीला सकाळी ढोल वाजवत माणसं शेताकडे आली. पहिलं कणीस घरच्या कर्त्याने कापायचं. कृष्णनाथाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी मेरेवरून नेलं. खुर्ची डुगडुगत होती, पोरं हसत होती आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण मेरेशी पोचल्यावर त्याने विळा हातात घेतला, डोळे मिटून रवळनाथाचं नाव घेतलं आणि वाकून मूठभर कणसं सपकन कापली. ढोल एकदम जोरात वाजला. सगुणही कमिटीबरोबर उभा होता. त्यानेही कणसांना हात जोडले.

देवळातून कणसं परत आली तशी विनोदिनी नि गौरवी दारं करत निघाल्या. आंब्याचं पान, दोन कणसं, केळीच्या सोपटाची दोरी. बांधायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "कणीस घेतलां, विळो दिवचो. सव्या दिसा, सकाळी."

कोणी हसून 'होय, होय' म्हणाले. कोणी 'आमी त्याच दिसा जातांव गो' म्हणाले. पुण्याचा योगेश म्हणाला, "वयनी, माझ्याकडे विळोच नाय!" तर ती म्हणाली, "माझ्याकडे धा आसत. तू हात घेवन ये." सगुणच्या दारात त्याची बायको पद्मावती उभी होती. सगुण आत फोनवर बोलत होता. पद्मावतीने कणीस दाराला बांधू दिलं नाही. दोन्ही हात पुढे करून हातात घेतलं आणि कपाळाला लावलं.

बंद दारांनाही विनोदिनीने कणसं बांधली. कुलपाच्या कडीत अडकवली आणि तेच शब्द तितक्याच मोठ्याने म्हटली. गौरवीला हसू येत होतं. शेवटच्या दाराशी मात्र ती आईचा हात धरून म्हणाली, "आई, ह्यां घर विकलां. ह्यां कंपनीचां."

विनोदिनीच्या ते ध्यानातच राहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं ह्या दाराला बांधायची, तसा हात आपोआप गेला होता. गाठ मारून झाली होती. आणि देवाच्या कणसाची मारलेली गाठ सोडायची नसते.

"दार आसा मां?" ती म्हणाली. "मगे झालां." आणि चूक झाली म्हणून आवाज खाली न आणता तिने खणखणीत सांगितलं, "कणीस घेतलां, विळो दिवचो!"

मागच्या पडवीतून एक बाई डोकावली. ही भागीरथी. तिचा नवरा केरबा कंपनीचा राखणदार. दोघं कोल्हापूरकडची, त्याच घराच्या पडवीत राहायची. भागीरथी आणि तिच्याबरोबरच्या बायका कंपनीच्या कामावर चिरे वाहायच्या. तिने दाराकडे पाहिलं, कणसाकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर घेऊन आत गेली.

सहाव्या दिवशी उजाडता उजाडता विनोदिनीने विळे पाजवून मेरेवर ओळीने मांडले. कृष्णनाथ कुबड्या टेकत कसाबसा आला आणि खुर्चीत बसला. गौरवीने रजा टाकली होती. तिघांनी रस्त्याकडे पाहिलं. वर गाड्या मागे घेतल्याचे आवाज येत होते. एक गेली. दुसरी गेली. डिकीत नारळ, मागच्या काचेला टेकलेली पोरं. कोणी हात हलवला, कोणी तोही हलवला नाही.

"चल," विनोदिनी म्हणाली आणि वाकली.

सपसप विळे चालू झाले. मुठीत धरायचं, ओढायचं, मागे ठेवायचं. दवाने कोपरापर्यंत हात भिजले, पानांच्या कडांनी चरचरले. गौरवीचा वेग फार नव्हता आणि विनोदिनीची कंबर आधीच बोलायला लागली होती. कृष्णनाथ त्या मोठ्या पिवळ्या तुकड्याकडे आणि त्या दोन वाकलेल्या पाठींकडे बघत होता. त्याला रडू आलं. ते लपवायला त्याने उगाच पाखरांवर खेकसून घेतलं.

मग म्हातारे गुरुदास काठी टेकत आले. "माझ्यान वाकूक होवचां नाय, पण पेंडी बांधतंय," म्हणाले आणि बसले. त्यांच्या मागून पुण्याचा योगेश, अर्ध्या चड्डीत आणि पांढऱ्या बुटांत. बूट पहिल्याच पावलाला चिखलात गेले. त्याने ते काढून मेरेवर ठेवले आणि विळा उचलला. उलटा.

"कितलो शिकलंस रे?" विनोदिनी म्हणाली आणि त्याच्या हातात विळा सुलटा करून दिला.

आणि मग मेरेवरून पद्मावती येताना दिसली. साडी खोचलेली, हातात स्वतःचा विळा. ती सरळ येऊन ओळीत उभी राहिली.

"सगुणाक ठावक आसा?" विनोदिनीने विचारलं.

"कणीस मी हातात घेतलां," पद्मावती म्हणाली. "विळो मीच हाडलंय. त्यांका कित्याक विचारू?"

त्यानंतर आला तो बायकांचा घोळकाच. पुढे भागीरथी, मागे कामावरच्या पाचसहा जणी, डोक्याला फडकी बांधलेल्या.

"वैनी, दाराला कणीस बांधलंसा न्हवं?" भागीरथी म्हणाली. "आमी हितं पडवीत ऱ्हातुया. दार आमचं न्हाई, पर निजतुया त्या दाराआड. म्हनलं, इळा नगो व्हय द्यायला? ह्या समद्या बी त्याच दारातनं ये-जा करत्यात, म्हून आल्या. इळं हायत न्हवं तुमच्याकडं?"

ज्या चुकीने ती मनातून खजील झाली होती, ती चूक आता विळा मागत समोर उभी होती. विनोदिनीने भागीरथीचा हात धरला. तो तिच्या हातासारखाच खरखरीत होता.

मग कापणी म्हणजे काय ते मळ्याने पुष्कळ वर्षांनी पाहिलं. ओळ पुढे सरकायला लागली. भागीरथीने कुठलं तरी भलरीसारखं गाणं धरलं, बायकांनी ते उचललं. पेंड्यांचे ढीग पडू लागले. दुपारी पेज आणि सुकी भाजी मेरेवरच खाल्ली. योगेशच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती आणि त्याचा त्याला अभिमान वाटत होता. पेज पिता पिता त्याने खालच्या रानाकडे बघून विचारलं, "वयनी, आमचो कुणगो खंयचो गो?"

विनोदिनीने रानातून बाहेर आलेल्या एका चिऱ्याकडे बोट केलं. "थंय. तो चिरो तुझ्या बापाशीन पुरलेलो. त्या कुणग्यातसून आमच्याकडे पाणी येयचां." योगेश त्या चिऱ्याकडे बघत राहिला. पेज संपल्यावरही बघत होता.

दुपार कलली आणि सड्यावर काळं भरून आलं. भात कापून झालं होतं, पण अंगावर पाऊस घेऊन ते तिथेच पडलं असतं तर सगळं फुकट होतं. घराकडे जायला मेरेवरून लांबचा वळसा, मध्ये गुडघाभर चिखल. गेटातून गेलं तर घर समोरच होतं. गेटाला कुलूप. आणि नेमक्या त्या वेळी गेटाच्या आत सगुण उभा राहून केरबाला झाडत होता. कंपनीचं काम दिवसभर ठप्प होतं, दिल्लीहून त्याला फोन आला होता.

"तुका कोणें सांगल्यान बायकांक सोडूक?"

"सायेब, दाराला कणीस बांधलंय," केरबा हात जोडून म्हणाला. "दार कुनाचं? कंपनीचं. मग कंपनीचाच इळा ग्येला म्हनायचा. मी काय करनार?"

सगुण आणखी काही बोलणार तोच गेटाच्या पलीकडे पद्मावती येऊन उभी राहिली. डोक्यावर भारा, मान ताठ, चेहऱ्यावर कुसळं नि घाम. तिच्यामागे भागीरथी, गौरवी, योगेश, सगळे भारे घेऊन ओळीने. पावसाचे थेंब पडायला लागले होते.

सगुणने बायकोकडे पाहिलं. लग्न करून आणलेली ती मुलगी अशीच भारे आणायची, हे तो विसरून गेला होता.

"देवाच्या कुणग्याचो भारो वाटेर उतरूक जायना," पद्मावती म्हणाली. "उघडतास काय हय उतरू?"

तिने हे ओरडून सांगितलं नाही. पण मागे खुर्चीत बसलेल्या कृष्णनाथालाही ते ऐकू आलं. सगुणने केरबाच्या हातातली चावी घेतली आणि कुलूप स्वतः काढलं. गेट दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडलं. माणसं आत शिरली. पोहणाऱ्या बाईच्या चित्राखालून भारे चालत गेले. मग सगुण मळ्यात उतरला, राहिलेल्या ढिगातला एक भारा त्याने गुडघ्यावर घेतला, तिथून डोक्यावर. पांढऱ्या शर्टावर चिखल आला. मग तो दुसरा न्यायला परत आला, आणि तिसराही. शेवटच्या फेरीला त्याने नि योगेशने कृष्णनाथाला खुर्चीसकट उचलून घरी आणलं. ह्या खेपेला कोणी हसलं नाही.

पाऊस कोसळायला लागला तेव्हा सगळं भात सोप्यावर होतं. सोपा छपरापर्यंत भरला होता. माणसांना उभं राहायला जागा नव्हती आणि सगळीकडे ओल्या पेंढ्याचा वास भरला होता. विनोदिनीने प्रत्येक विळ्याला एक पेंडी दिली, जशी पूर्वी देत असत. गुरुदासना, योगेशला, पद्मावतीला. भागीरथीला देताना म्हणाली, "ही तुमच्या दाराची." भागीरथीने ती तान्ह्या पोराला घ्यावी तशी छातीशी धरली.

सगुण उंबऱ्यापाशी डोक्यावरची कुसळं झाडत होता. सगळ्यांसमोर बोलावं की नाही असं त्याचं झालं होतं. शेवटी हळूच म्हणाला, "दादा, मगे त्या कागदाचां..."

कृष्णनाथाने हाताशी आलेलं एक कणीस तळव्यावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि दाणा दातांखाली धरला. कट्‌ असा आवाज आला.

"विनोदिनी," तो म्हणाला, "वयल्या मेरेकडचां भात चांगलां भरलां. तां वेगळां झोडून ठेव. बियाक."

"कितलां?"

कृष्णनाथाने सगुणकडे पाहिलं, योगेशकडे पाहिलं.

"सगळ्या मळ्याक पुरतलां तितलां."

बाहेर पाऊस धो धो पडत होता. सगुणने पद्मावतीच्या हातातली पेंडी घेतली, डोक्यावर ठेवली आणि तो तसाच भिजत वाड्यावरून आपल्या घराकडे निघाला.